बरव्यांचं घड्याळ आणि दारावरचं स्वस्तिक

भिवंडी तालुक्यातलं खारबाव हे वसई–दिवा लोहमार्गावरचं गाव. एका बाजूला भातशेती आणि खाडी, दुसऱ्या बाजूला भिवंडीचे यंत्रमाग आणि गेल्या काही वर्षांत उभी राहिलेली गोदामं. या पट्ट्यातल्या घरांच्या उंबऱ्यावर चित्रं काढली जातात, पण त्यांना कोणी चित्रकला म्हणत नाही. दिवाळीला लक्ष्मीची पावलं उंबऱ्यातून आत वळतात, दसऱ्याला तोरणाखाली स्वस्तिक उमटतं, आगरी लग्नात धवलारीण धवले म्हणजे लग्नाची गाणी गाते तेव्हा कलश, नारळ, हळद आणि तांदूळ यांतली प्रत्येक गोष्ट काही तरी सांगत असते. तालुक्याची श्रद्धास्थानंही अशीच बोलकी आहेत. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकल्यानंतर उभं राहिलेलं वज्रेश्वरीचं देऊळ एकीकडे, आणि गणेशपुरीत १९६१ साली देह ठेवलेले मितभाषी नित्यानंद दुसरीकडे. एका ठिकाणी देवीचं रूप डोळे भरून पाहायचं, दुसऱ्या ठिकाणी रूपापलीकडचं काही गप्प राहून ऐकायचं. इथल्या माणसाला चिन्हांची भाषा शिकवावी लागत नाही. त्यामुळे एखादा आजचा चित्रकार ‘मी अध्यात्म रंगवतो’ असं म्हणतो आणि कॅनव्हासवर ओम, कमळ, त्रिकोण किंवा बुद्धाचे मिटलेले डोळे रंगवून दाखवतो, तेव्हा या माणसाने एक साधा प्रश्न विचारावा: हे तर माझ्या दारावर आहेच, मग चित्राने नवं काय केलं?

हा प्रश्न अडाणी नाही. आधुनिक भारतीय चित्रकलेच्या एका मोठ्या पेचावर तो नेमकं बोट ठेवतो. माझं म्हणणं असं, की चित्रातलं अध्यात्म त्यात कोणतं चिन्ह काढलं आहे यावर ठरत नाही. ते चित्र आपल्याला पाहायला कसं लावतं, यावर ठरतं. याचा सर्वांत भक्कम पुरावा मराठी मुलखातच आहे. तो म्हणजे प्रभाकर बरवे यांची चित्रं. चिन्हांनी गच्च भरलेल्या चित्रांपासून निघून घड्याळ, पान, किल्ली, सेफ्टी पिन अशा वस्तूंपर्यंत आलेला हा चित्रकार आहे, आणि वरवर पाहता अध्यात्मापासून दूर जाताना तो त्याच्या अधिक जवळ गेला असं मला वाटतं.

आधी चिन्हाचं सामर्थ्य कशात असतं ते पाहू. ठाणे-पालघरच्या डोंगरपट्ट्यातल्या वारली घरात लग्नाच्या वेळी आतल्या भिंतीवर देवचौक काढतात. शेणामातीने सारवलेल्या, गेरूने लाल केलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ, चौकोनाच्या कडांना नक्षी आणि मधोमध पालघट देवी. शेजारच्या लहान चौकात पंचशिऱ्या देव. चौक सवाष्णी काढतात, धवलेरी गाते, आणि त्या गाण्यासह देवी चौकात येते अशी श्रद्धा आहे. चौकाशिवाय लग्न लागत नाही. इथे चित्र हे त्या विधीचं एक अंग आहे. त्याला वेळ आहे, हात आहे, गाणं आहे, आणि काम झाल्यावर पुसट होत जाण्याची मुभाही आहे. पालघटेची ताकद तिच्या आकृतीत जेवढी आहे, तेवढीच ती भोवतीच्या या सगळ्यात आहे. उंबऱ्यावरच्या रांगोळीचंही तसंच. ती दररोज पुसली जाते आणि दररोज काढली जाते म्हणून जिवंत असते. हेच चिन्ह उचलून दिवाणखान्यातल्या चौकटीत ठेवलं, की आकृती तेवढी मागे राहते. तिला जगवणारी कृती दाराबाहेरच राहते.

विसाव्या शतकातल्या चित्रकारांनी हा धोका पत्करला, त्यामागे एक मोठा वळसा आहे. थिऑसॉफिकल सोसायटीचे संस्थापक ऑल्कॉट आणि ब्लाव्हाट्स्की १८७९ साली मुंबईत उतरले. १८८२च्या अखेरीस संस्थेचं मुख्य ठाणं मद्रासजवळ अड्यारला हलेपर्यंत ते मुंबईत होतं. भारतीय दर्शनांतल्या आणि बौद्ध विचारातल्या कल्पना आपल्या पद्धतीने मांडून या संस्थेने युरोपभर पोचवल्या. त्यांचा प्रभाव पडलेल्यांत चित्रकारही होते. डच चित्रकार मोंद्रियान १९०९ साली सोसायटीचा सभासद झाला. रशियन चित्रकार कांडिन्स्कीने १९११ साली कलेतल्या आत्मिक तत्त्वाविषयी पुस्तकच काढलं. स्वीडनच्या हिल्मा आफ क्लिंट या चित्रकर्तीने १९०६पासून मंदिरासाठी म्हणून अमूर्त चित्रांची मोठी मालिका रंगवली, आणि आपल्या मृत्यूनंतर वीस वर्षं ती कोणाला दाखवू नये असं सांगून ठेवलं. युरोपातली अमूर्त कला अशी काही अंशी पूर्वेकडच्या विचारांच्या ओलाव्यावर वाढली. साठच्या दशकात हे देणं उलट वाटेने परत आलं. १९६६ साली अजित मुखर्जी यांचं तंत्रकलेवरचं सचित्र पुस्तक निघालं. यंत्रं, मंडलं, बिंदू, शिवशक्तीचे त्रिकोण अचानक आधुनिक दिसू लागले. दिल्लीत बिरेन डे आणि गुलाम रसूल संतोष, मुंबईत जे. जे. कलाशाळेतले शंकर पळशीकर यांच्यासारखे समर्थ चित्रकार या दिशेने काम करत होते. ‘भारतीय असूनही आधुनिक’ कसं व्हायचं, हा त्या पिढीला छळणारा प्रश्न होता. तंत्रचिन्हांनी त्याला एक तयार उत्तर दिलं, आणि तयार उत्तरात अडचण असतेच. पळशीकर किंवा संतोष यांच्याकडे अभ्यास होता, साधना होती. त्यांच्या मागून आलेल्यांपैकी अनेकांकडे फक्त चिन्हांचा कोश उरला. वर टोक केलेला त्रिकोण म्हणजे पुरुष, खाली टोक केलेला म्हणजे प्रकृती. प्रेक्षकाने कोश उघडायचा, अर्थ लावायचा आणि पुढच्या चित्राकडे जायचं. अशा चित्रात पाहण्याचं काम वाचण्यावर संपतं.

बरवे याच लाटेतून आले. रायगड जिल्ह्यात अलिबागजवळच्या नागावचा त्यांचा जन्म, साल १९३६. पुण्यातल्या शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचे शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर त्यांच्या नात्यातले. १९५९ साली ते जे. जे.मधून बाहेर पडले आणि १९६१पासून विणकर सेवा केंद्रात नोकरीला लागले. हातमागाच्या कापडाला नवे नमुने मिळावेत म्हणून सुरू झालेल्या या सरकारी केंद्रांनी स्वातंत्र्यानंतरच्या कितीतरी चित्रकारांना पोसलं. के. जी. सुब्रमण्यन तिथे होते, अकोल्याचे अंबादास होते. बरव्यांनी दोन दशकं ही नोकरी केली. कापडाच्या नमुन्याचं काम चित्रकाराला एक कठोर गोष्ट शिकवतं. एकच आकृती शेकडो वेळा येणार असते, त्यामुळे तिच्यातली प्रत्येक फालतू रेघ शेकडो वेळा खटकते. आकृती जेवढी गरजेची तेवढीच ठेवावी लागते, आणि दोन आकृत्यांमधल्या मोकळ्या जागेलाही आकृतीइतकंच वजन असतं. यंत्रमागांच्या खडखडाटात दिवस काढणाऱ्या भिवंडीकरांना हे वेगळं सांगायला नको. उभ्या-आडव्या धाग्यांत एक धागा चुकला तरी तो थेट शेवटपर्यंत दिसत राहतो.

नोकरीच्या सुरुवातीची काही वर्षं बरवे वाराणशीला होते. तिथे तंत्राच्या परंपरेशी त्यांची जवळून ओळख झाली आणि त्यांच्या साठच्या दशकातल्या चित्रांवर तिची खोल छाप पडली. ठसठशीत भौमितिक आकार, सममिती, गडद रंग. १९६७ सालचं ‘किंग अँड क्वीन ऑफ स्पेड्स’ हे या काळातलं प्रसिद्ध चित्र. नाव पत्त्यांतल्या राजा-राणीचं असलं तरी रचना तांत्रिक आकृतीची आठवण करून देणारी आहे. या वाटेवर बरवे थांबले असते तर त्यांची गणना तंत्रकलेच्या चांगल्या चित्रकारांत झाली असती. ते थांबले नाहीत, आणि माझ्या मते त्यांच्या कलाजीवनातला सर्वांत धाडसी निर्णय हाच आहे. सत्तरच्या दशकात ते इनॅमल रंग वापरू लागले, म्हणजे दारं-खिडक्या आणि लोखंडी फाटकं रंगवायचा नेहमीचा रंग. हळूहळू कॅनव्हासवरून यंत्रं गेली, मोकळी जागा वाढली. त्या जागेत घड्याळं आली, झाडाची पानं आली, फळं, ढग, किल्ल्या, लिफाफे, अक्षरं आणि सेफ्टी पिन आली. १९७६ साली त्यांना ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९९० साली ‘कोरा कॅनव्हास’ हे त्यांचं मराठी पुस्तक आलं. चित्र कसं घडतं, याचा इतक्या निष्ठेने शोध घेणारी पुस्तकं मराठीत फार थोडी आहेत. १९९५ साली, साठी गाठण्याआधीच, ते गेले.

या वस्तू चित्रात काय करतात हे नीट पाहावं लागतं. बरव्यांच्या कॅनव्हासवर बहुधा जमीन नसते, क्षितिज नसतं, वस्तू ठेवायला टेबल नसतं. पान घड्याळाएवढं असू शकतं आणि ढग बोटाच्या पेराएवढा. इनॅमलचा रंग सपाट बसतो, ब्रशाचा फटकारा दाखवून भाव जागवत नाही. त्यामुळे चित्रकाराचा आवेश प्रेक्षकाच्या आणि वस्तूच्या मध्ये येत नाही. एखादी बारीक रेघ एका वस्तूपासून दुसऱ्या वस्तूपर्यंत जाते, कधी अर्ध्यावर थांबते. कधी वस्तूपेक्षा तिची सावलीच ठळक असते. घड्याळ म्हणजे काळ, असा अर्थ आपण लावायला जातो. तेवढ्यात शेजारचं पान आपल्याला अडवतं, कारण पानालाही काळ आहे, पण तो काट्यांनी मोजता येत नाही. तरीही पान घड्याळाचा अर्थ सांगत नाही आणि घड्याळ पानाचा. दोघांमध्ये एक अंतर राहतं आणि आपण त्या अंतरात उभे राहतो. नेहमीच्या जगण्यात वस्तू आपल्याला दिसते ती तिच्या उपयोगामुळे. किल्ली दिसली की कुलूप आठवतं, सेफ्टी पिन दिसली की उसवलेली शिवण. बरवे वस्तूवरून उपयोगाचं हे आवरण अलगद काढून घेतात. उरतं ते तिचं नुसतं असणं. ते बघताना आपल्यालाही थोडं थांबावं लागतं, घाईने अर्थ लावायची सवय बाजूला ठेवावी लागते. हे थांबणं आणि बाजूला ठेवणं म्हणजेच चित्रातलं अध्यात्म, असं मी म्हणतो.

यावर पहिला आक्षेप लगेच येईल. हे अध्यात्म कसलं, हा तर युरोपातला अतिवास्तववाद. वस्तू तिच्या जागेवरून उचलून भलत्याच ठिकाणी ठेवायची, हे तिकडच्या चित्रकारांनी कधीच केलं होतं. बरव्यांना चित्रकार पाउल क्ले प्रिय होता, आणि स्वप्नासारख्या रचनेचं तिकडच्या त्या चित्रांशी नातं दिसतं, हे मान्य करायलाच हवं. पण अतिवास्तववादी चित्राला बहुतेक वेळा धक्का द्यायचा असतो. दबलेली वासना किंवा भीती उघडी करायची असते. बरव्यांच्या चित्रात धक्का नाही. तिथे वस्तू एकमेकींना न दुखवता, पुरेशी जागा देऊन नांदतात. दुसरं म्हणजे, वस्तूत पलीकडचं पाहण्याची रीत मराठीत युरोपातून यायची गरजच नव्हती. अरणच्या सावता माळ्यांना मळ्यातल्या भाजीपाल्यात विठाई दिसली. तेरच्या गोरोबांची भक्ती मातीच्या चिखलात होती. नरहरी सोनारांची दृष्टी धंद्यातल्या सोन्यातूनच आरपार गेली. यांनी देवाची नवी चिन्हं घडवली नाहीत, हातातल्या वस्तूकडे नव्याने पाहिलं. बरव्यांनी स्वतःला या परंपरेत बसवलं होतं असा माझा दावा नाही. ही परंपरा ज्यांच्या कानावर लहानपणापासून आहे, त्या वाचकाला बरव्यांच्या चित्राकडे जायला ती जवळची वाट आहे, एवढंच मी म्हणतो.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. स्वस्तिक किंवा लक्ष्मीची पावलं सगळ्यांची असतात, खारबावच्या आजीलाही कळतात आणि नातीलाही. बरव्यांची किल्ली मात्र कोणाच्याच ओळखीची नाही. सामूहिक चिन्ह सोडून खासगी चिन्हाकडे जाणं म्हणजे कला मूठभर जाणकारांच्या हाती देणं नाही का? या बोलण्यात तथ्य आहे. आधुनिक कलेने सामान्य प्रेक्षकाशी नातं तोडलं, त्याचे परिणाम आपण भोगतो आहोत. पण बरव्यांच्या बाबतीत हा आरोप टिकत नाही, कारण त्यांच्या वस्तू खासगी नाहीतच. घड्याळ, पान, सेफ्टी पिन यांच्याइतकं सर्वांचं दुसरं काय असेल? श्रीचक्र समजून घ्यायला दीक्षा लागते, कमळाचा अर्थ धर्माबाहेरच्या माणसाला कोणी तरी सांगावा लागतो. किल्लीला जात नाही, पंथ नाही, पोथी नाही. भिवंडी तालुक्यासारख्या, मंदिरं आणि मशिदी शेजारी असलेल्या, आगरी, कोळी, वारली, कातकरी आणि मागावर राबायला उत्तरेकडून आलेले विणकर एकत्र राहत असलेल्या भागात हा मुद्दा लहान नाही. इथे खऱ्या अर्थाने सगळ्यांचं चिन्ह शोधायचं तर ते धर्मचिन्हांच्या बाहेरच शोधावं लागेल. मागाचा धोटा, कांडी, बीम किंवा भात मापायची पायली या वस्तू बरव्यांच्या नजरेने पाहिल्या, तर त्यांत किती दडलेलं आहे हे कळेल. बरव्यांची चित्रं कठीण वाटतात ती त्यांतल्या वस्तू अनोळखी आहेत म्हणून नव्हे, तर आपल्याला थांबून पाहायची सवय नाही म्हणून. तो दोष चित्राचा नाही.

माझ्या म्हणण्याला खरं आव्हान चित्रकार सय्यद हैदर रझा देतात. मध्य प्रदेशातल्या शाळेत त्यांच्या गुरुजींनी चंचल मुलाला भिंतीवरच्या एका ठिपक्याकडे टक लावून बघायला सांगितलं, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक आहे. पॅरिसमध्ये दीर्घकाळ राहूनही रझा पुढे त्या बिंदूकडे परतले आणि अखेरपर्यंत तोच रंगवत राहिले. बिंदू तर अगदी तयार, परंपरेने दिलेलं चिन्ह. मग त्यांची चित्रं कोशातली चित्रं म्हणायची का? सरसकट नाही. रझांच्या चांगल्या चित्रांत बिंदूभोवतीचा रंग असा तापतो की काळ्या वर्तुळाचा अर्थ आठवण्याआधी डोळा तिथे खिळतो. तिथे बिंदू जपासारखा आहे, आणि जपात शब्द नवा असावा लागत नाही, म्हणणारा जागा असावा लागतो. पण त्याच बिंदूच्या काही चित्रांत सराव जास्त आणि जाग कमी, असंही दिसतं. म्हणजे रझांचं उदाहरण माझं म्हणणं खोडत नाही, त्याला एक अट घालतं. तयार चिन्ह घेऊनही मोठं चित्र होऊ शकतं, फक्त ते दर वेळी पहिल्यांदा पाहिल्यासारखं रंगवावं लागतं, आणि ते फार अवघड आहे. वासुदेव गायतोंडे दुसऱ्या टोकाला गेले. झेन विचाराकडे ओढलेले, मुंबईच्या खेतवाडीत निसर्गदत्त महाराजांना ऐकायला जाणारे गायतोंडे चित्रातून चिन्हच काढून टाकतात. रोलर आणि पॅलेट नाइफने रंग चढवायचा, उतरवायचा, थरांतून उजेड येऊ द्यायचा, आणि वर्षाला मोजकेच कॅनव्हास. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं तेव्हा जगाला त्यांची थोरवी उशिरा का होईना कळली. मला स्वतःला गायतोंड्यांपेक्षा बरवे अधिक धीट वाटतात. वस्तू सोडून दिल्यावर शांतता मिळणं समजू शकतं. सेफ्टी पिन समोर ठेवून ती मिळवणं जास्त कठीण.

आणि विधीतून आलेल्या कलेचं पुढे काय झालं? डहाणू तालुक्यातले वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांची वाट इथे बरव्यांच्या वाटेला येऊन भेटते. चौक ही बायकांची कला असताना हा पुरुष रोज चित्रं काढू लागला. चित्रकार भास्कर कुलकर्णींमुळे सत्तरच्या दशकात ती चित्रं कागदावर आणि कापडावर मुंबईच्या दालनांत पोचली. मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. त्यांनी पालघटेला बाजारात उभं केलं असा आरोप करता येईल, आणि चौक काढणाऱ्या सवाष्णींची नावं मात्र जगाला कळली नाहीत ही खंत तर खरीच आहे. पण मशे यांची मोठी चित्रं पाहिली, तर त्यांनी देवचौकाच्या नकला केल्या नाहीत हे लक्षात येतं. मासे धरायचं प्रचंड जाळं, मुंग्यांची रांग, तारपा हे वाद्य वाजवणाऱ्याभोवती वळत जाणारा नाच ही त्यांची चित्रं. पांढऱ्या टिंबा-रेघांनी सगळी पृष्ठभूमी थरथरते. विधीतलं चिन्ह विधीत राहू देऊन त्यांनी रोजच्या जगण्याकडे तीच नजर वळवली. नोकरदार, जे. जे.त शिकलेला नागावचा चित्रकार आणि शाळेचं तोंड न पाहिलेला डहाणूचा वारली, दोघंही शेवटी आपल्या हातापायांजवळच्या वस्तूंपाशी आले. हा नुसता योगायोग आहे असं मला वाटत नाही.

आज गणपती आणि बुद्धाची ‘आध्यात्मिक’ चित्रं घराघरांत आणि हॉटेलांच्या स्वागतकक्षांत लागतात. लोकांना ती हवी असतात, त्यांनी प्रसन्न वाटतं, आणि त्यात निषेध करण्यासारखं काही नाही. अडचण आहे ती त्यांनाच अध्यात्माची चित्रकला म्हणण्यात, कारण मग नवा चित्रकारही तिथेच उमेदवारी करतो. बरव्यांकडे जाणारी वाट त्याला शाळेत दाखवलेली असते, हे तो विसरतो. खारबावपासून गडचिरोलीपर्यंतची मुलं सरकारी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना बसतात. वस्तुचित्र किंवा स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन हे त्यांचे विषय. बरव्यांचा कॅनव्हास याच विषयांनी बनलेला आहे: नीट पाहिलेली वस्तू, आठवणीतला आकार, नमुन्याची शिस्त, भूमिती आणि अक्षर. परीक्षेत हे सगळे वेगवेगळ्या कागदांवर असतात आणि संकल्पचित्रात गुण मिळावेत म्हणून मुलांना कमळ आणि कलश घोटायला लावतात. त्याऐवजी चित्रकलेच्या तासाला टेबलावर एखादा झिजलेला धोटा आणि आंब्याचं पान ठेवून, दोघांमधली मोकळी जागाही काढा असं मुलांना सांगता येईल. त्यासाठी नवा अभ्यासक्रम लागत नाही, महाग रंगही लागत नाहीत. तासाला पुरेसा वेळ आणि स्वतः थांबून पाहणारा शिक्षक लागतो.